मोहफुलाच्या दिवसांत जंगलबंदी : हक्क कोणी सोडायचा, किंमत कोणी द्यायची?

बांधावरून | सोमवार, रात्री ९.२०

नमस्कार मंडळी. आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात. ताडोबा व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमध्ये (गाभ्यात) नाही, बफरमध्येही (भोवतालच्या पट्ट्यात) नाही. साधं प्रादेशिक जंगल, मधेमधे धानाच्या बांध्या, दोन तलाव, आणि गेल्या काही वर्षांपासून वाघांचा कायमचा वावर. गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे हे जंगल राखायचा आणि वापरायचा हक्क, मिळालेला आहे.

नाल्याच्या पलीकडच्या जंगलात सध्या एक वाघीण तीन पिल्लं घेऊन आहे. कॅमेऱ्यात आली, गुराख्यांनीही पाहिली. मोहफुल सुरू झाल्यापासून तेंदूपत्ता (विडीचं पान) संपेपर्यंत त्या पट्ट्यात कोणीही जाऊ नये, तसा ठराव ग्रामसभेने करावा, असं वनखात्याच्या लोकांनी सुचवलं आहे. सभा पुढच्या आठवड्यात आहे आणि गावात सरळ दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, माणूस मरण्यापेक्षा बंदी बरी. दुसरा म्हणतो, एवढी वर्षं भांडून मिळवलेला हक्क पहिल्याच अडचणीत आपण स्वतःच्या हाताने सोडायचा का?

मला बंदी मान्य आहे, पण फुकट मान्य नाही. वाघ देशाचा असेल तर त्याच्यासाठी बुडालेला मोह एकट्या आमच्या बायांनी का सोसायचा? आणखी एक गोष्ट मला छळते आहे. ठराव झाल्यावरही एखादी बाई पोटासाठी तिकडे गेली आणि तिचं काही बरंवाईट झालं, तर ‘तिने नियम मोडला’ म्हणून मदत नाकारायची का? सभेत हा प्रश्न येणारच आहे. तुमचे अनुभव सांगा.

मोहगंध | सोमवार, रात्री ९.४५

किती घरांचा प्रश्न आहे? आणि मोहाची झाडं फक्त त्याच पट्ट्यात आहेत का?

बांधावरून | सोमवार, रात्री १०.०५

गाव दीडशे घरांच्या आतलं. निम्म्याहून जास्त घरं मोह वेचतात. झाडं इकडेही आहेत, पण दाट मोह नाल्यापलीकडेच. तेंदूही तिकडचाच चांगला.

पेंचवारी | सोमवार, रात्री १०.३०

मी नागपूरचा. सुट्टी मिळाली की जंगलात असतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे उघड आहे. तरी लिहितो.

महाराष्ट्रात २०१८ च्या गणनेत ३१२ वाघ होते, २०२२ मध्ये ४४४. यांतले कितीतरी अभयारण्याबाहेर, तुमच्यासारख्या गावांच्या जंगलांत जन्मले. वाघ वाढले, जंगल वाढलं नाही. उलट रस्ते, कालवे आणि खाणींनी त्याचे तुकडे झाले. लहान पिल्लं घेऊन वाघिणीला दुसरीकडे जाता येत नाही, माणसाला येतं. ज्याच्याकडे दुसरा मार्ग आहे त्याने बाजूला व्हावं, हे मला न्यायाचं वाटतं. शिवाय एक माणूस गेला की त्याच वाघिणीला पकडायची मागणी होणार आणि पिल्लं उघड्यावर पडणार. दोन-अडीच महिन्यांच्या बंदीने दोन्हीकडचे जीव वाचत असतील तर ठराव करून टाकावा.

सावलीची ताई | मंगळवार, सकाळी ७.१०

पेंचवारी भाऊ, राग मानू नका, पन दुसरा मार्ग कोनता ते सांगा ना.

मोह रातभर पडते. उजाडाच्या आधी झाडाखाली नाई पोहोचलो तं ढोरं, चितळं, अस्वल खाऊन टाकतेत. आमच्याकडे झाडं घराघरात वाटलेली हायेत, सासूचं झाड सुनेकडे येते. दोन-तीन तास वाकून वेचाचं, डोक्यावर टोपली घेऊन घरी आनाचं, आंगनात वाळवाचं. त्या पैशात धानाचं बियानं येते, पोरांच्या वह्या येतेत, पावसाळ्यातलं तेल-मीठ येते. तेंदूचा पैसा एकदम हाती पडते, त्यात उधारी फिटते. धान आमी खातो. रोकड म्हंजे मोह आन तेंदूच. तुमी म्हनता ते दोन-अडीच महिने म्हंजे आमचं अख्खं साल हाय.

माह्या नणंदेच्या गावची एक बाई मोहाखालीच गेली. चार दिवस कोनी फिरकलं नाई. पाचव्या दिवशी बाया पुन्हा निघाल्या, मीबी असती तं गेली असती. भेव नाई असं नाई. भेव घेऊनच जातो आमी.

पेंचवारी | मंगळवार, सकाळी ८.३०

ताई, तुमचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. वाघिणीबद्दलचं माझं म्हणणं बदललेलं नाही. पण ‘दुसरा मार्ग आहे’ हे मी गृहीत धरलं होतं, आणि तो कोणीतरी तयार करून द्यायला लागेल, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं.

वरोऱ्याचे वकील | मंगळवार, सकाळी ११.००

कायद्याची बाजू सांगतो, कारण सभेत यावरच गोंधळ होतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(१)(झ) ने गावाला आपलं सामूहिक वन राखण्याचा, त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. कलम ५ त्याच्याच पुढचं पाऊल आहे. सामूहिक वनात कोणी कधी जायचं याचे नियम ग्रामसभेने करावेत, वन्यप्राण्यांना बाधक कामं थांबवावीत आणि हे निर्णय पाळले जातात हे बघावं, असा अधिकार ते कलम देतं. म्हणजे जंगलात जाण्याचा हक्क ज्या सभेकडे आहे, काही काळ न जाण्याचा निर्णय घ्यायचा अधिकारही त्याच सभेकडे आहे. वाघिणीसाठी सभेने एक पट्टा मोकळा ठेवला तर तो हक्क सोडणं होत नाही, तो वापरणंच झालं.

कलम ४(२) प्रमाणे हक्कांत बदल करता येतो, पण तो राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतल्या ठरावीक अधिवासांपुरता, त्याला लांब प्रक्रिया आहे आणि पुनर्वसनासाठी ग्रामसभेची संमती लागते. सिंदेवाहीच्या प्रादेशिक जंगलाला ते लागू नाही. म्हणून खात्याने ‘सुचवलं’ हेच बरोबर आहे. आदेश दिला असता तर तो टिकला नसता.

गणपूर्तीकडे लक्ष द्या. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे किमान निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला हव्यात. वीस पुरुषांनी पारावर बसून केलेला ठराव उद्या कोणीही उडवून लावेल.

धानोरा ते कोरची | मंगळवार, दुपारी १.२०

वकीलसाहेबांच्या मुद्द्याला आमच्या गडचिरोलीचं उदाहरण जोडतो. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर सामूहिक हक्क मिळाला, देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे पासही ग्रामसभेच्या हातात आले. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा सगळ्यांना माहीत आहे, पण तिच्यामागची पद्धत कमी लोकांना माहीत आहे. तिथे बहुमताने निर्णय होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचा विरोध असेल तर चर्चा चालूच राहते. वेळ लागतो, पण निर्णय झाला की चोरून कोणी मोडत नाही.

तुमच्या जिल्ह्यातलं पाचगाव बघा, गोंडपिपरी तालुक्यातलं. त्यांना २०१२ मध्ये हक्क मिळाला. तेंदूसाठी आग लावली जाते, फांद्या तोडल्या जातात, त्याने जंगलाचं नुकसान होतं, म्हणून गावाने स्वतः तेंदू तोडणं बंद केलं. कोणी सांगितलं नव्हतं. सभेत बसून ठरवलं.

अड्याळचा मास्तर | मंगळवार, दुपारी ३.१५

पाचगावबद्दल आदर आहे. पण त्यांच्याकडे बांबू होता. बांबूच्या पैशावर गावातच मजुरी मिळू लागली, मग तेंदू सोडणं परवडलं. ज्या गावाकडे फक्त मोह आणि तेंदू आहे त्याला ‘तुम्हीही सोडा’ म्हणणं मला पटत नाही. ज्याच्या घरात दुसरं धान्य आहे त्यालाच उपास निवडता येतो.

राळेगावचा कास्तकार | मंगळवार, संध्याकाळी ६.४०

आमच्याकडचं सांगतो. यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा-राळेगावच्या पट्ट्यात, टी-१ वाघीण होती, बाहेरच्यांनी तिला अवनी म्हटलं. १३ माणसांचे बळी तिच्या नावावर मांडले गेले. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला गोळी घातली. तेव्हा तिची दोन पिल्लं जंगलात होती.

त्या काळात कापूस वेचायला मजूर मिळत नव्हते. दुपारी चारला वावरं रिकामी. जागलीला कोणी जाईना, मग रानडुकरं आणि रोही राहिलेलं पीक खाऊन जायचे. ती मेल्यावर गावांत फटाके फुटले आणि शहरांत लोकांनी निषेध केला. दोन्ही बातम्या एकाच पानावर वाचल्या. आमच्या माणसांना क्रूर म्हणणारे खूप होते. पण १३ मरणं होईपर्यंत त्यांच्यापैकी एकही आमच्या गावात आला नव्हता, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वाघिणीला मारावं लागू नये असं खरंच वाटत असेल तर पहिल्या मरणाच्या आधी गावात या. बांधावरून भाऊ, तुमच्याकडे अजून कोणी मेलं नाही. हीच वेळ आहे.

मोहर्लीचा गाइड | मंगळवार, रात्री ८.००

मी ताडोबाच्या गेटवर गाइड आहे. आमच्या गावात वाघामुळे चूल पेटते हे मान्य करतो. जिप्सी, गाइड, हॉटेल, होमस्टे, आता आमच्या भागातल्या बायापण गाइड आहेत. आमच्याकडे वाघाला शिव्या देणारा माणूस कमी सापडेल.

पण हे गेटजवळच्या गावांचं झालं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, सावली इकडे वाघ भरपूर आणि गेट नाही. तिथल्या माणसाला वाघ दिसतो तो वावरात, फोटो काढायला नाही. आमच्या गेटवरून आत दिसणाऱ्या वाघाची पोरं मोठी झाली की जागा शोधत तुमच्याकडेच येतात. तिकिटाचा पैसा इकडे आणि जोखीम तिकडे, हे मला फार दिवस खटकतं आहे. ताडोबाच्या उत्पन्नातला एक वाटा बाहेरच्या अशा गावांसाठी बाजूला काढायला काय हरकत आहे? माझ्या मजुरीतून चार पैसे कमी झाले तरी चालेल.

सावलीची ताई | मंगळवार, रात्री ८.२५

मोहर्लीवाले दादा, असं कोनी पयल्यांदा बोललं.

खाणपट्टा | मंगळवार, रात्री ९.५०

विषय थोडा रुंद करतो. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २९२० मेगावॉट. ती वीज राज्यभर जाते. कोळसा आमच्या जमिनीखालचा, पाणी इरई धरणाचं, धूळ आणि राख आमच्या छातीत. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण मंडळाने औद्योगिक पट्ट्यांचा निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांवर देशात चौथं होतं. दिवे जिथे लागतात तिथे ही धूळ नाही.

वाघाचंही गणित तेच. फायदा दूर, भार इथे. फरक इतकाच की खाणीबद्दल बोललं की आम्हाला विकासविरोधी म्हणतात आणि वाघाबद्दल बोललं की निसर्गविरोधी. दोन्ही वेळा आमची मागणी एकच असते : निर्णयात आम्हाला घ्या आणि हिशेब नीट मांडा. आणखी सांगायचं तर, खाणीसाठी शेकडो हेक्टर जंगल जातं तेव्हा त्या जंगलातला वाघ कुठे जातो? तो आमच्या धानात येतो. मग बंदी मोहफुलाला. खाणीला दोन महिने बंद ठेवा असं कोणी सुचवलेलं मी तरी ऐकलं नाही.

पेंचवारी | मंगळवार, रात्री १०.१५

शेवटच्या वाक्याला माझं पूर्ण अनुमोदन. वाघाच्या वाटा तोडणाऱ्या कामांविरुद्ध वन्यजीववाले आणि गाववाले एकत्र उभे राहिले तर दोघांचंही बळ वाढेल.

अड्याळचा मास्तर | बुधवार, सकाळी ७.४५

सगळे माणसांच्या हक्काबद्दल बोलत आहेत. मला एक विचारायचं आहे : वाघिणीलाही हक्क आहे का? की आपण देतो ती फक्त दया?

दहावीच्या पोरांशी यावर बोललो. घटनेत १९७६ च्या दुरुस्तीने ५१-क (छ) आलं, प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे आपलं कर्तव्य. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये जल्लिकट्टूच्या निकालात त्याचा आधार घेतला आणि प्राण्यालाही सन्मानाने जगू द्यावं अशी भूमिका मांडली. एका पोराने लगेच हात वर केला, ‘मग सर, शंकरपट (बैलांची शर्यत) बंद?’ वर्गात एकच गलका. त्याच्या घरी पटाची जोडी आहे.

मोहगंध | बुधवार, सकाळी ८.०५

मग काय सांगितलंत त्याला? आमच्याकडे तर शंकरपटावरून सोयरीक मोडलेली मी पाहिली आहे. मुलाच्या बापाने मुलीच्या बापाच्या बैलजोडीला नाव ठेवलं, ताटं तशीच ठेवून पाहुणे उठले.

अड्याळचा मास्तर | बुधवार, सकाळी ८.३०

हसून हसून पुरेवाट झाली. त्याला सांगितलं की मे २०२३ मध्ये न्यायालयाने महाराष्ट्राचा बदललेला कायदा मान्य केला, अटी पाळून पट भरवता येतो. तो खूश झाला. पण मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘सर, बैलाला नियम आहेत कारण बैलाचा मालक आहे. वाघाला मालक नाही, मग त्याची जबाबदारी कोणाची?’ मी तिला उत्तर दिलं की सरकारची. ती म्हणाली, ‘मग सरकारने आमच्या आजीला मोहाचे पैसे द्यावेत.’

माझं मत असं झालं आहे : वाघिणीला जगायचा हक्क आहे, आणि तो हक्क पाळायचं कर्तव्य सगळ्यांचं आहे. सगळ्यांचं कर्तव्य एकाच्या अंगावर टाकलं की तिथे अन्याय सुरू होतो.

निवृत्त वनपाल | बुधवार, सकाळी ११.३०

नोकरीभर जंगलात पायी फिरलो, हातात काठी घेऊन. खात्यातला वनरक्षकही त्याच वाघाच्या जंगलात एकटा असतो, त्याचंही घर असतं, हे आधी नोंदवतो.

आता कामाचं. पिल्लं आईजवळ साधारण दोन वर्षं राहतात. म्हणजे एका हंगामाची बंदी करून प्रश्न मिटणार नाही. पुढच्या मोहालाही ती तिथेच असेल, पिल्लं मोठी झालेली असतील आणि जास्त शिकार लागेल. ठराव दोन हंगामांचा विचार करून करा.

मोहाखाली हल्ले का होतात ते समजून घ्या. फुलं खायला चितळं येतात, त्यांच्या मागे वाघ येतो. अंधुक उजेडात वाकून बसलेला माणूस त्याला जनावरासारखा दिसतो. उभ्या माणसावर वाघ सहसा येत नाही. म्हणून इकडच्या बाजूला वेचतानाही सूर्य वर आल्याशिवाय जायचं नाही, एकट्याने नाही, आणि गटातल्या एकाने उभं राहून पाहत राहायचं. झाडाखाली जाळी बांधली तर फुलं जाळीत पडतात, वाकावं लागत नाही, माती लागत नाही, भावही बरा येतो. काही ठिकाणी हे लोकांनी करून पाहिलं आहे.

आणि हात जोडून सांगतो, मोहाखालचा पालापाचोळा जाळू नका. जागा साफ करायला लावलेली एक काडी डोंगरभर पसरते. गावाने हक्क मागायचा तर ही जबाबदारी घ्यायलाच हवी.

राळेगावचा कास्तकार | बुधवार, दुपारी १२.१०

काकांनी कर्तव्याचा विषय काढलाच आहे तर कुंपणाचंही बोलू. डुकरांसाठी तारेत सरळ लाइनचा करंट सोडतात. त्यात वाघ मरतात, ढोरं मरतात, शेजारच्या धुऱ्यावरून येणारा माणूसही मरतो. झटका मशीन वेगळी, ती जीव घेत नाही. ज्या गावाला वाघाबद्दल सरकारशी बोलायचं आहे त्याने आधी आपल्या शिवारात करंट लागणार नाही हे ठरवावं.

जळका पट्टा | बुधवार, दुपारी १२.४०

बोलायला सोपं आहे. झटका मशीन घ्यायला पैसे लागतात आणि अनुदान वेळेवर येत नाही. एका रात्रीत डुकरं एकरभर धान लोळवतात, पंचनाम्याला साहेब आठ दिवसांनी.

राळेगावचा कास्तकार | बुधवार, दुपारी १.००

भाऊ, माझ्याही वावरात डुकरं येतात. पंचनाम्याचा राग मलाही आहे. पण त्या तारेला उद्या माझा किंवा तुमचा पोरगा चिकटला तर? अनुदानासाठी आपण मिळून भांडू, करंट मात्र नको.

झाडीपट्टीचा प्रेक्षक | बुधवार, दुपारी ४.२०

मोह बाजूला ठेवून एक सांगतो. थंडीत वडशाकडच्या कंपन्यांची नाटकं गावोगाव रात्रभर चालतात. आम्ही पूर्वी पाच-पाच कोस पायी जायचो. आता वाघामुळे संयोजक मंचावरूनच सांगतात, ‘नाटक संपलं तरी उजाडेपर्यंत कोणी उठायचं नाही.’ मागच्या मोसमात एका गावात पहाटेपर्यंत वेळ काढायला नायकाने तेच गाणं तिसऱ्यांदा म्हटलं आणि लोकांनी तिसऱ्यांदाही पैसे दिले.

खाणपट्टा | बुधवार, दुपारी ४.३५

त्या नटाला वनखात्याने पुरस्कार द्यावा.

मोहगंध | बुधवार, संध्याकाळी ५.३०

वाघिणीलाच हलवता येणार नाही का? मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीच्या बाजूच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात सोडल्या होत्या ना?

निवृत्त वनपाल | बुधवार, संध्याकाळी ६.१०

सोडल्या होत्या, पण त्या पिल्लं नसलेल्या होत्या. तीन पिल्लांसह हलवणं फार जोखमीचं. आणि सोडलं तिथे ती राहीलच असं नाही. २०२४ च्या शेवटी ताडोबाची झीनत ओडिशातल्या सिमिलिपालमध्ये सोडली, ती झारखंड ओलांडून बंगालमध्ये गेली. तिला पकडायला तीन राज्यांची माणसं लागली. मोकळी झालेली जागा दुसरा वाघ घेतो, तो वेगळाच.

वरोऱ्याचे वकील | बुधवार, रात्री ८.४५

बांधावरून भाऊंच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण सगळ्यात अवघड तोच आहे.

वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर राज्य सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. ही रक्कम वाढत वाढत इथपर्यंत आली आणि ती योग्यच आहे. पण या व्यवस्थेकडे नीट पाहा. बाई मोहाखाली मेली तर २५ लाख. तीच बाई वाघिणीसाठी दोन महिने घरी बसली, तर शून्य. जीव गेल्यावर देण्याची तरतूद आहे, जीव धोक्यात पडू नये म्हणून देण्याची नाही. नाल्यापलीकडे झाडं असलेल्या घरांचा दोन हंगामांचा मोह भरून द्यायला एका मृत्यूच्या मदतीपेक्षा कितीतरी कमी पैसा लागेल. पैशासाठी म्हणून मी हे सांगत नाही. सरकार मरणाची जबाबदारी घेतं, तर न मरण्याच्या खर्चाचीही घ्यायला हवी.

नियम मोडून गेलेल्या बाईबद्दल : मदत ही बक्षीस नाही, ती तिच्या पोरांसाठी असते. नियम मोडल्याबद्दल ग्रामसभेला दंड करायचा असेल तर तो जिवंत माणसाला करावा. मेलेल्या आईचा दंड पोरांकडून वसूल होता कामा नये.

जळका पट्टा | बुधवार, रात्री ९.१५

इथे मी असहमत. मदत मिळणारच म्हटलं तर बंदी पाळणार कोण? सत्तर बाया घरी बसतील आणि दहाजणी रोज जाऊन दुप्पट मोह आणतील. ज्यांनी पाळली त्यांच्यावर तो अन्याय नाही का?

सावलीची ताई | बुधवार, रात्री ९.४०

२५ लाख मिळतीन म्हनून कोनी वाघाच्या तोंडी जाते का भाऊ? जे दहा जातीन ते कोन असतीन ते मी सांगतो. जिच्या घरी कमावनारं कोनी नाई ते. तिले आधी पैसे द्या, ते जानार नाई. अन् दंड लावाचाच असन तं चोरून आनलेला मोह गावानं घेऊन सगळ्याइले वाटून टाका. पन पोरांचा घास नका काढू.

अजून एक. सभा कवा हाय? संध्याकाळी ठेवली तं बाया सैपाकात असतेत. जे मोहाले जातेत त्याइनंच सभेत बोललं पायजे. बायांची सभा आधी घ्या, कायद्यात हाय ते.

धानोरा ते कोरची | बुधवार, रात्री १०.००

ताईंचं शंभर टक्के खरं. महिला सभा आधी, तिचा निर्णय ग्रामसभेत वाचायचा. आणि रोजगार हमीच्या कामाची मागणी आत्ताच भरा, मोह पडायला लागल्यावर नाही. मागितल्यापासून १५ दिवसांत काम मिळायला हवं, पोच पावती सांभाळून ठेवा. तलावाचा गाळ, बांध्यांची कामं त्या दोन महिन्यांत निघाली तर अर्धा भार तिथेच हलका होईल.

बांधावरून | गुरुवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज गावातल्या बायांशी बोललो, सरपंचांशीही बोललो. तुमच्या लिहिण्यातून मसुदा तयार केला आहे, तो इथे टाकतो. चुका दाखवा.

नाल्यापलीकडचा पट्टा ग्रामसभा स्वतःच्या अधिकारात या हंगामासाठी मोकळा ठेवत आहे. हा हक्क ग्रामसभेचाच राहील आणि पुढच्या हंगामाचा निर्णय फेब्रुवारीत पुन्हा सभा घेऊन होईल. त्या पट्ट्यात ज्या कुटुंबांची मोहाची झाडं आहेत त्यांची यादी महिला सभा करेल. त्यांच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई शासनाने द्यावी, वनखात्याने त्यासाठी प्रस्ताव पाठवावा, आणि तोपर्यंत अलीकडच्या झाडांतला वाटा या कुटुंबांना मिळेल. (यावर अलीकडच्या झाडांचे मालक अजून पूर्ण राजी नाहीत. दोन घरांशी उद्या पुन्हा बसणार आहे.) अलीकडे सूर्य वर आल्यावर, गटानेच जायचं. पालापाचोळा जाळायचा नाही. शिवारात करंट लावायचा नाही. बंदी मोडणाऱ्याचा मोह ग्रामसभा जमा करेल, मात्र दुर्घटना घडल्यास मदतीच्या आड हा ठराव येणार नाही आणि तसं पत्र ग्रामसभा स्वतः देईल. खाणी, रस्ते किंवा इतर कामांसाठी हा पट्टा मागितला गेल्यास वाघिणीसाठी गावाने केलेला हा त्याग विचारात घ्यावा, अशी नोंदही ठरावात राहील.

शेवटचं वाक्य खाणपट्टा यांच्यामुळे आलं.

जळका पट्टा | गुरुवार, रात्री ९.५५

मदतीच्या कलमावर माझा आक्षेप कायम आहे. बाकी मसुदा चांगला आहे. करंटचं कलम ठेवताय तर त्याच ठरावात झटका मशीनच्या अनुदानाची मागणीही घाला, नाहीतर शेतकरी सही करणार नाहीत.

वरोऱ्याचे वकील | गुरुवार, रात्री १०.१०

ते जरूर घाला. आणि ठरावाची प्रत उपविभागीय आणि जिल्हास्तरीय वनहक्क समितीलाही द्या, फक्त वनखात्याला नको. पोच घ्या.

सावलीची ताई | गुरुवार, रात्री १०.२०

यादी कुटुंबाची नका करू, वेचनाऱ्या बाईची करा. कुटुंब म्हटलं की पैसा कार्डावरच्या मानसाच्या खात्यात जाते. आमच्या गावात तीन बाया विधवा, दोन टाकलेल्या, त्याइचं नाव भावाच्या कार्डावर हाय. मोह त्या वेचतेत, त्याइचं कोनी लिहिनार नाई.

बांधावरून | गुरुवार, रात्री १०.४०

ताई, बदल करतो. वेचणारी प्रत्येक बाई, तिचं स्वतःचं नाव, तिचंच खातं. ज्यांचं खातं नाही त्यांचं सभेच्या आधी उघडायला लागेल, बँकमित्र (खाती उघडून देणारे बँकेचे प्रतिनिधी) परवा तालुक्याहून येणार आहेत, त्यांना तसं सांगतो. झटका मशीनची मागणीही घातली. महिला सभा रविवारी दुपारी दोनला, ग्रामसभा मंगळवारी दुपारीच. काय ठरलं ते इथेच लिहीन.